धान्य अडलं कुठं? टंचाईच्या काळात अधिकाऱ्यांना जाब विचारण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिना सरत आला तरी रेशन नाही. पेरणी तोंडावर आली आणि युरिया 'संपला'. सरकारी दवाखान्यात डॉक्टर तपासतात आणि गोळ्या बाहेरून आणायला सांगतात. अशा वेळी चिडून फोन करणाऱ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून ते इथं उत्तरांसह एकत्र दिले आहेत. माहिती महाराष्ट्रापुरती आहे. केंद्राचे कायदे देशभर सारखेच असले तरी अधिकाऱ्यांची पदं आणि कार्यालयं राज्यागणिक बदलतात.

टंचाई झाली म्हणजे अधिकाऱ्याचीच चूक, असं धरून चालायचं का?

नाही, आणि तसं धरून चाललात तर पहिल्याच भेटीत निरुत्तर होऊन परत याल. रेशनचं धान्य तीन ठिकाणी अडू शकतं आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर देणारा माणूस वेगळा आहे.

पहिली जागा नियतनाची. तुमच्या तालुक्याला, तुमच्या दुकानाला या महिन्यात किती क्विंटल गहू आणि किती तांदूळ हे वर ठरतं: केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि दुकानाला. नियतनच कमी आलं असेल तर दुकानदाराची गचांडी धरून उपयोग नाही.

दुसरी जागा उचलीची. नियतन मंजूर झालेलं असतं, धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात पडलेलं असतं, पण ते तालुक्याच्या शासकीय गोदामात वेळेत आणलेलं नसतं. वाहतूक ठेकेदाराचं बिल थकलं, हमाल मिळाले नाहीत, ठेक्याची मुदत संपली आणि नवी निविदा लांबली, अशी कारणं इथं सापडतात. यातली बरीचशी कारणं आधीपासून दिसत असतात. ठेका मार्चमध्ये संपणार हे ज्याला जानेवारीत माहीत होतं त्याने एप्रिलमध्ये 'अचानक अडचण आली' म्हणू नये. अधिकाऱ्याची जबाबदारी सर्वांत स्पष्टपणे पकडता येते ती इथंच, आणि लोक नेमके इथंच पोहोचत नाहीत.

तिसरी जागा वाटपाची. माल दुकानात उतरला, पण तुमच्या पिशवीत आला नाही, किंवा वीस किलोच्या जागी सोळा किलो आला. इथं दुकानदार दोषी असतो, आणि त्याच्यावर देखरेख ठेवायची नेमणूक असलेला पुरवठा निरीक्षकही.

मग सुरुवात दुकानदारापासून करायची का?

विचारपूस त्याच्यापासून करा, तक्रार मात्र लगेच त्याच्याविरुद्ध करू नका. त्याला इतकंच विचारा: या महिन्याचा माल आला का, कोणत्या तारखेला आला, किती क्विंटल आला? गोदामातून माल निघतो तेव्हा त्याच्यासोबत चलन असतं आणि दुकानदार ते सहसा जपून ठेवतो, कारण उद्या घट निघाली तर तोच त्याचा पुरावा असतो. खरंच माल आला नसेल तर अनेक दुकानदार स्वतःहून सांगतात, 'साहेबांना विचारा, मीही वाटच बघतोय.'

दुकानात किती साठा आला आणि किती वाटला गेला, हे ई-पॉसच्या, म्हणजे दुकानात अंगठा घेऊन वाटपाची नोंद करणाऱ्या मशीनच्या, सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतं. आपल्या कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकला की आपल्या नावावर कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं गेलं ते दिसतं. आधी हे तपासा. 'मला मिळालं नाही' असं तुम्ही म्हणता आणि मशीनवर तुमच्या नावाने वाटप झाल्याची नोंद आहे, असं असेल तर ती टंचाई उरत नाही. ती चोरी आहे आणि तिची तक्रार वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

कोणत्या पायरीवर कोण बसलंय?

तालुक्यात गोदामपाल, पुरवठा निरीक्षक, पुरवठा शाखेचे नायब तहसीलदार आणि त्यांच्यावर तहसीलदार. जिल्ह्यात जिल्हा पुरवठा अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हाधिकारी. विभागात पुरवठा उपायुक्त. पुण्यासारख्या काही शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याचं वेगळं कार्यालय आहे. मुंबई-ठाण्याची रचना तर पूर्ण निराळी: तिथं शिधावाटप अधिकारी, उपनियंत्रक आणि सर्वांत वर नियंत्रक, शिधावाटप. मुंबईत राहून तहसीलदाराकडे रेशनचा अर्ज करणारे पुष्कळ असतात. तो अर्ज महिनाभर फिरून परत येतो.

धान्य मिळणं हा माझा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी?

हक्क. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक सदस्याला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो धान्य मिळायलाच हवं. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. 'फुकट मिळतंय, मग कशाला ओरडता' असं खिडकीआडून ऐकू येतं, पण मोफत केल्याने हक्क पातळ होत नाही.

जबाबदारीच्या दृष्टीने या कायद्यातलं महत्त्वाचं कलम आठवं आहे. हक्काचं धान्य पुरवलं गेलं नाही तर त्या व्यक्तीला राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. म्हणजे 'माल नव्हता' एवढं सांगून हिशेब मिटत नाही, त्याच्या बदल्यात पैसे द्यावे लागतात. केंद्राकडूनच धान्य कमी आलं असेल तर कलम २३ प्रमाणे केंद्राने राज्याला निधी द्यायचा आहे. केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवत बसले तरी तुमचा दावा राज्याकडेच राहतो. त्यांचा आपापसातला हिशेब त्यांनी बघावा.

हा भत्ता किती असतो, आणि खरंच मिळतो का?

२०१५ च्या नियमांनुसार हिशेब असा: हमीभावाची सव्वापट, त्यातून कायद्याच्या अनुसूचीतला रेशनचा दर वजा, आणि जे उरेल ते गुणिले न मिळालेले किलो. समजण्यासाठी गव्हाचा हमीभाव किलोला २४ रुपये धरू. सव्वापट ३० रुपये, अनुसूचीतला २ रुपयांचा दर वजा केला की २८. चार माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे एका महिन्याचे २० किलो बुडाले तर ५६० रुपये होतात.

आता दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर. आपणहून मिळतो, असं मी कुणालाही सांगणार नाही. मागावा लागतो, आणि मागणाऱ्याने लेखी मागावा लागतो. तरीही अर्जात ही मागणी घालाच. भत्त्याची मागणी आली की कार्यालयाला 'धान्य पुरवलं' किंवा 'पुरवलं नाही' यापैकी एक गोष्ट कागदावर लिहावी लागते. 'माल लवकरच येईल' या मोघम उत्तरात अडकलेली तक्रार तिथं सुटते.

माझं कार्ड केशरी आहे. मला हे लागू होतं का?

कार्डाचा रंग बघू नका, प्राधान्य यादीत नाव आहे का ते बघा. केशरी कार्ड असलेली असंख्य कुटुंबं त्या यादीत आहेत आणि तितकीच बाहेर आहेत. यादीत नसाल तर कलम ८ चा दावा करता येणार नाही.

तक्रार नेमकी कुणाकडे द्यायची?

तोंडी तक्रारीसाठी १९६७ ही हेल्पलाइन आहे. फोन केलात तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. लेखी तक्रारीची पहिली जागा तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा. तिथं दाद लागली नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. त्याने दिलेला निर्णय पटला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील.

पुष्कळांची तक्रार तहसीलमध्येच विरून जाते, कारण पुढच्या दोन पायऱ्या आहेत हे कुणी सांगत नाही. पाटीवरही क्वचितच लिहिलेलं असतं.

अधिकाऱ्याला दंड होतो का?

होतो, ५,००० रुपयांपर्यंत. पण त्याची अट नीट वाचा. धान्य दिलं नाही म्हणून थेट दंड होत नाही. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने अमुक दिलासा द्या असं सांगितलं, आणि तरी संबंधित लोकसेवकाने सबळ कारणाशिवाय तो दिला नाही किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर राज्य अन्न आयोग कलम ३३ खाली दंड करू शकतो. त्याआधी त्या अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

थोडक्यात, जिल्ह्याच्या पायरीवर लेखी शिफारस मिळवलीच नाही तर दंडाचा प्रश्नच येत नाही. मोर्चे निघतात, निवेदनं दिली जातात, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि ही एक पायरी राहून जाते.

पाच हजारांनी काय होणार? एवढा तर त्यांचा चहापाण्याचा खर्च.

रक्कम हास्यास्पद आहे, मान्य. हजारो कार्डधारकांचं महिन्याचं धान्य बुडवणाऱ्याला पाच हजार, आणि माहिती अधिकाराच्या एका अर्जाचं उत्तर उशिरा दिलं तर पंचवीस हजारांपर्यंत, अशी आपल्या कायद्यांची तऱ्हा आहे. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सरकारी नोकरीत रकमेपेक्षा नोंद जास्त बोचते. आयोगाचा दोषी ठरवणारा आदेश कार्यालयात येऊन पडतो, त्याच्या आधारे विभागीय चौकशीची मागणी करता येते आणि बढतीच्या वेळी अशी चौकशी आडवी येते. अधिकाऱ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना विचारा, मोर्च्याला कोण घाबरतं आणि चौकशीच्या पत्राला कोण.

अर्जात काय लिहावं?

भावना कमी, तारखा जास्त. 'गोरगरिबांवर अन्याय होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' असा अर्ज आला की त्यावर 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' असा शेरा पडतो आणि तो खाली जातो. त्याऐवजी असा मजकूर लिहून बघा:

'माझ्या प्राधान्य कुटुंबात ४ सदस्य असून जून महिन्याचं २० किलो धान्य आम्हाला देय होतं. मी १२, १९ आणि २७ जून रोजी रास्त भाव दुकानात गेलो. तिन्ही वेळा माल आला नसल्याचं सांगण्यात आलं. सबब विनंती की, (१) जून महिन्याचं या दुकानाचं नियतन किती होतं आणि शासकीय गोदामातून ते कोणत्या तारखेला पाठवलं गेलं हे लेखी कळवावं, (२) माझं देय धान्य द्यावं, (३) ते देणं शक्य नसल्यास अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ८ नुसार भत्ता द्यावा, (४) विलंबास जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम कळवावं.'

चौथा मुद्दा गाळू नका. नाव मागितलं की व्यक्तिगत वैराचा रंग येतो, पदनाम मागितलं की साधा प्रशासकीय प्रश्न राहतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक खिडकीत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. 'साहेब आल्यावर देतो पोहोच' असं सांगितलं तर तिथंच थांबा, किंवा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोहोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नव्हता, असंच पुढे धरलं जातं. मागच्या महिन्याचं धान्य बुडालं आणि या महिन्यात माल आला तरी अर्ज मागे घेऊ नका. दुकानात 'आता आलाय ना माल, घ्या की' असं समजावतील. घ्या, पण बुडालेल्या महिन्याचा हिशेब वेगळा ठेवा.

माहिती अधिकाराचा इथं काय उपयोग?

धान्य नेमकं कुठं अडलं हे कळण्यासाठी. तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून मागा: अमुक महिन्याच्या नियतन आदेशाची प्रत, गोदामाच्या साठा नोंदवहीची त्या महिन्याची पानं, आणि दुकानाला माल पाठवल्याच्या चलनांच्या प्रती. या तीन कागदांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की कोणत्या टेबलावर किती दिवस गेले ते उघडं पडतं. नियतन आदेश २५ तारखेचा, गोदामात माल ४ तारखेला आणि दुकानाचं चलन २३ तारखेचं, असं निघालं तर मधल्या एकोणीस दिवसांचं उत्तर गोदाम आणि पुरवठा शाखेने द्यायचं आहे. वरच्याकडे बोट दाखवायची सोय उरत नाही.

शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला माफ. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून रेशन आणि रस्ता एकाच अर्जात कोंबू नका. उत्तराची मुदत ३० दिवस. विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, तोही जन माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. प्रश्न जीविताचा असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. ऑक्सिजन, डायलिसिस, सर्पदंशाची लस अशा बाबतीत ही तरतूद वापरा, रेशनच्या साध्या उशिराला ती लावू नका.

एरवीही, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रेशनव्यवस्थेचं दफ्तर लोकांना पाहण्यासाठी खुलं ठेवायचं आहे. 'हे गोपनीय आहे' असं कुणी म्हणालं तर त्यांना तेवढंच लिहून द्यायला सांगा.

'वरून आदेश नाही', 'फाइल साहेबांकडे आहे' ही उत्तरं किती दिवस ऐकायची?

महाराष्ट्रात यासाठी खास कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक, पण लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. वर्ष २००५. नेहमीची फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. हेतुपुरस्सर उशीर हे शिस्तभंगाच्या कारवाईचं कारण ठरतं. अर्जात 'फाइल सध्या कुणाकडे, कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे' एवढं विचारलं की पुरे. कायद्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत करा, पहिल्या ओळीत केला तर समोरचा लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो.

नवीन कार्ड किंवा नाव वाढवणं रखडलं असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. त्यात कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे.

काळाबाजारात अधिकारीही सामील असेल तर?

इथं जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ येतो. अन्नधान्य, खाद्यतेल, खतं, औषधं, बियाणं, पेट्रोलियम पदार्थ त्यात आहेत. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, मास्क आणि सॅनिटायझरही काही महिन्यांसाठी त्यात घातले होते. नियंत्रण आदेश मोडणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पकडलेला माल जप्त करण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहेत. १९८० चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा तर सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू देतो.

हे सगळं व्यापाऱ्याला जितकं सहज लागतं तितकं अधिकाऱ्याला लागत नाही. १९५५ च्या कायद्याचं कलम १५ सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं आणि कलम १५-क प्रमाणे लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची पूर्वमंजुरी लागते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातही मंजुरीची अट आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला हे कवच हवंच. टंचाईत झटपट निर्णय घ्यावे लागतात आणि प्रत्येक निर्णयावर खटला होऊ लागला तर कुणी सहीच करणार नाही. त्रास होतो तो मंजुरीचा कागद वर्षानुवर्षं पडून राहतो त्याचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने त्यावर थोडा उतारा काढला आहे: त्या कलमाखालच्या मंजुरीवर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं मानलं जातं.

सरकारी धान्याची अफरातफर असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे, त्यात लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. लाचेची मागणी झाली तर थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, हेल्पलाइन १०६४.

खताची टंचाई आहे, कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो युरियासोबत दुसरं औषध घ्या. कुणाला सांगू?

याला बाजारात 'लिंकिंग' म्हणतात आणि दर खरिपात ते डोकं वर काढतं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत साधारण २६६ रुपये ५० पैसे. टंचाईत हीच गोणी घ्यायला गेलं की गळ्यात आणखी पाच-सहाशेचं काहीतरी मारलं जातं. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे विक्रेत्याने साठा आणि दर यांचा फलक लावायचा आहे आणि पक्की पावती द्यायची आहे. फलकाचा फोटो काढा, पावती मागा. पावती नाकारली तर तेवढीच तक्रार आधी करा, कारण ती सिद्ध करायला सोपी.

जबाबदार कोण? तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचा कृषी अधिकारी यांना निरीक्षक म्हणून तपासणीचे अधिकार आहेत. त्यांच्यावर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. अर्जात एक मागणी आवर्जून करा: विक्रेत्याच्या पॉस मशीनवरचा साठा आणि गोदामातल्या गोण्या प्रत्यक्ष मोजून पंचनामा करावा. मशीनवर दोनशे गोण्या दिसत असताना 'माल संपला' म्हटलं जात असेल तर दोनच शक्यता उरतात: माल दडवला आहे, किंवा नोंद न करता बाहेर गेला आहे. तपासणीला आलेला निरीक्षक चहा पिऊन परत गेला तर त्याच्या भेटीचा अहवाल माहिती अधिकारात मागा.

सरकारी रुग्णालयात औषधच नाही. डॉक्टरला जबाबदार धरायचं का?

समोर दिसतो म्हणून धरू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यात बारा नवजात अर्भकं होती. औषधं आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याची चर्चा राज्यभर झाली. त्या गदारोळात एका खासदारांनी अधिष्ठात्यांना, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुखांना, शौचालय साफ करायला लावलं, त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि पुढे खासदारांवरच गुन्हा दाखल झाला. औषध खरेदीचं काय झालं, रिक्त पदं का भरली नव्हती, हे प्रश्न त्या चित्रफितीत कुठंच नव्हते. ते विचारले उच्च न्यायालयाने, स्वतःहून दखल घेऊन, आणि तेही राज्य सरकारला.

औषधाच्या बाबतीत साखळी अशी चालते: रुग्णालय मागणीपत्र पाठवतं, खरेदी वरच्या पातळीवर होते, पुरवठा कंपनीकडून होतो. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांना किंवा अधिष्ठात्यांना विचारायचा प्रश्न असा: या औषधाचं मागणीपत्र कोणत्या तारखेला पाठवलं आणि स्मरणपत्रं किती पाठवली? ती पाठवलेली असतील तर ते सुटले आणि प्रश्न मुंबईला गेला. पाठवलेलीच नसतील तर उत्तर त्यांनीच द्यायचं आहे.

पूर, दुष्काळ, टाळेबंदी अशा वेळी 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून जबाबदारी संपते का?

काही अंशी. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४४ सांगतं की युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ किंवा भूकंप यांमुळे पुरवठ्यावर परिणाम झाला तर सरकार दाव्याला बांधील नाही. पण अशी परिस्थिती आहे की नाही हे जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. तहसीलदाराने 'यंदा पाऊस फार झाला' म्हणून स्वतःच सूट घ्यायची सोय त्यात नाही. उलट आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५६ प्रमाणे नेमून दिलेलं काम नाकारणाऱ्या किंवा सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

शिक्षेने पुरवठा वाढतो का, हा प्रश्न मात्र खरा आहे. मे २०२१ मध्ये दिल्लीला ठरलेला ऑक्सिजन मिळेना, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला अवमानाची नोटीस काढली. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी ती कारवाई थांबवली. अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकून ऑक्सिजन येणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता. त्याच वेळी मुंबई महापालिकेने साठा कसा सांभाळला ते बघा, असंही सांगितलं, आणि काही दिवसांत ऑक्सिजनच्या वाटपासाठी बारा जणांचं राष्ट्रीय कृती दल नेमलं. मला हा क्रम पटतो. टंचाई चालू असताना माल आणण्याचा धोशा लावावा आणि दोष कुणाचा ते ठरवण्यासाठी कागद जमवत राहावं. कागद मात्र त्याच दिवसांत जमवावे लागतात, नंतर सापडत नाहीत.

आजवर मोठ्या पदावरच्या कुणाला उत्तर द्यावं लागलं आहे का?

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, तेव्हाच्या चौकशी आयोगाच्या अंदाजानेच, पंधरा लाख माणसं मेली. नंतरचे अंदाज त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. आयोगाने १९४५ मध्ये प्रांतिक सरकारवर कडक ताशेरे ओढले. खटला कुणावरच चालला नाही.

पुढचा टप्पा २००१ चा. राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य भरून वाहत होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या खटल्यातल्या आदेशांनी रेशन, शाळेतलं जेवण, अंगणवाडीचा आहार या योजनांना कायदेशीर हक्काचं रूप दिलं, आणि २००२ मध्ये अंमलबजावणीची अंतिम जबाबदारी राज्यांच्या मुख्य सचिवांवर टाकली. २००३ च्या आदेशात दुकान वेळेवर न उघडणाऱ्या, जादा दर घेणाऱ्या, लोकांची कार्डं अडकवून ठेवणाऱ्या दुकानदारांचे परवाने रद्द करायला सांगितलं. आजचा २०१३ चा कायदा त्याच खटल्याच्या वाटेने आला.

नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल व्हावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं होतं: त्रास अधिकाऱ्याने द्यायचा आणि भुर्दंड करदात्यांनी सोसायचा, हे चालणार नाही. ग्राहक आयोगापुढे आजही त्याचा आधार घेतला जातो.

मोर्चा काढून काही होतं का?

होतं, पण हातात आकडे असले तर. १९७२ नंतरच्या टंचाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, रॉकेल कुठं आणि का मिळत नाही, हे त्यांना घरोघरचं ठाऊक होतं. मंत्र्यांना भाषण करून वेळ मारून नेता येत नव्हती ती म्हणूनच.

आज जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो. गावात रेशनची दक्षता समिती असते, कागदावर तरी. सरपंचांना तिच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. बहुतेक ठिकाणी तिथूनच चर्चा सुरू होते.

कार्यालयात अंगावर जाणं, कागद हिसकावणं, दार अडवणं टाळा. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी केल्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागलं की तुमची तक्रार बाजूला पडते आणि तुम्हीच जामिनासाठी फिरत बसता.

लोकायुक्तांकडे जाता येतं का?

येतं. महाराष्ट्राचा मूळ लोकायुक्त कायदा १९७१ चा, देशात सर्वांत आधी अमलात आलेल्यांपैकी. आधी खात्याकडे तक्रार केल्याची पोहोच सोबत जोडा. लोकायुक्त शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत.

तक्रार केली तर दुकानदार पुढच्या महिन्यापासून त्रास देईल. गावात एकच दुकान आहे.

ही भीती खोटी नाही. तक्रारीवर एकट्याची सही ठेवू नका, त्याच दुकानाच्या दहा-पंधरा कार्डधारकांच्या सह्या घ्या, प्रत्येकाच्या नावापुढे कार्ड क्रमांक आणि बुडालेले किलो लिहा. शिवाय पोर्टेबिलिटीमुळे तुम्ही शेजारच्या गावातल्या, किंबहुना राज्यातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा देऊन धान्य उचलू शकता. कार्ड बदलावं लागत नाही, अर्ज करावा लागत नाही. दुसऱ्या दुकानदाराने 'तुमचं नाव माझ्याकडे नाही' म्हणून परत पाठवलं तर त्या दुकानाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि तिथूनच १९६७ ला फोन लावा.